अळवातले पाणलावे

अप्पांचा हिशेब सरळ होता. लेकाच्या साहेबाला शिकारीचा नाद. साहेब खूश झाला की हरिश्चंद्राची बदली नांदगावहून सावंतवाडीला, आणि लेक रोज रात्री घरी जेवायला. बदल्यात जाणार होती ती पाखरे, तीही काशीबाईच्या परड्यातली.

काशीबाईचे परडे वालावलीच्या तळ्याला लागून. खालच्या अळवात पाणी झिरपे आणि दिवाळी सरली की लांब चोचीचे पाणलावे चिखल टोचायला येत. ते असेतोवर ती अळकुड्या खणत नसे. लोक हसत. विधवा बाईला माणसे म्हणून तेवढी पाखरेच, असे अप्पाच म्हणत.

अठ्ठावन्न सालच्या त्या सकाळी अप्पांच्या बायकोने तिला खोबरे किसायला बोलावले होते. कशासाठी, ते सांगितले नव्हते. अंगणात नारळ ठेवून अप्पांनी देवाला गाऱ्हाणे घातले. गावाचे बरे कर, गुरावासरांक सांभाळ. दर वाक्याला सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते, काशीबाईही.

“आज सायब काशीबायच्या परड्यात जातत, तेंका बरी शिकार गावांदे, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” काशीबाई म्हणाली. जन्माची सवय, तोंड कानांच्या आधी चालले.

किसणी टाकून ती धावली, तोवर बार झाला होता. अळू तुडवले होते. पाने रक्त धरीत नव्हती. थेंब घरंगळून चिखलात जात होते. साहेबाने दोन पाखरे उचलून पाहिली, फारच बारीक म्हणाला आणि कुंपणापाशी टाकली. तिथे कुत्रे उभेच होते.

“तुमच्या पाव्हण्याक पानार बसवलात, अप्पा,” काशीबाई म्हणाली. “माझ्या पाव्हण्यांनी तुमचा काय खाल्ला होता?”

“देवासमोर व्हय म्हटलंस मां?” अप्पा हसले. “आता कित्याक बोलतंस?”

साहेबासमोर कोणी तिची बाजू घेतली नाही.

महिन्याभरात हरिश्चंद्र सावंतवाडीला आला. साहेबाचे एक काडतूस खर्ची पडले, अप्पांचे तेवढेही नाही. बाकीचे काशीबाईने भरले. पुढच्या हिवाळ्यात शिमग्यापर्यंत तिने अळवाला कुदळ लावली नाही. चिखल साफ गुळगुळीत राहिला, चोचीचे एक भोक नाही.