एकट्या फुलांचा नकाशा

मोठ्या बाईंनी दातांनी दोरा तोडला आणि नुकतीच शिवलेली पिशवी खिडकीच्या उजेडात धरली. बोटभर लांबीची, मलमलीची, तोंडाशी नाडी ओवलेली. टाके एकसारखे पडले होते. त्यांच्या हातचे टाके कधी वाकडे पडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असेल तर बोलायची छाती झाली नव्हती.

"घे, तुझ्या फुलांचं झबलं," त्या लेकीला म्हणाल्या. "तुझ्यासाठीसुद्धा इतकं नाजूक शिवलं नव्हतं मी."

आज शिवणघराला सुट्टी होती. मशिनींवर फडकी होती, आणि कापायच्या लांब टेबलावर लेकीच्या कुंड्या मांडल्या होत्या. लेकीनं एक मिटलेली पिवळी कळी चिमटीत धरली आणि धारदार पातीनं तिचा वरचा भाग सपकन उडवला.

"अगं अगं, नाकच कापलंस की बिचारीचं!"

"नाक नाही, आई. पराग जिथं तयार होतो, जिथं चिकटतो, ते सगळं गेलं. आता वर ही पिशवी बांधायची. एवढं करूनही बी धरलं, तर त्या झाडाला जोडीची गरज नाही असं समजायचं."

"आणि धरतं?"

"डोंगरावरून आणलेलं धरतं. खाली तळ्याकाठचं नाही धरत. दिसायला दोन्ही सारखीच."

"म्हणजे वरच्या फुलांनी नवरा हा प्रकारच मोडीत काढला म्हण की." मोठ्या बाई खळखळून हसल्या. "मग ही शहाणी फुलं आहेत. आपल्यातली."

लेक हसली नाही. ती नाडी आवळत राहिली.

मोठ्या बाईंचा नवरा लेक पाळण्यात असतानाच निघून गेला होता. गेला तो गेला, त्यांनी वाट पाहिली नाही. एका मशिनीच्या आठ मशिनी केल्या, लेकीला झाडाफुलांच्या संशोधनापर्यंत शिकवलं. घरात पुरुषाचे जोडे नसले की केर निम्मा होतो, असं त्या गिऱ्हाइकांना ऐकवत. दोन वर्षांपूर्वी नात आजारी पडली, तेव्हा माय-लेकींना त्या महिनाभरासाठी म्हणून घेऊन आल्या. महिना सरला, पण परत पाठवायचं नाव कुणी काढलं नाही. जावई जमिनीची मोजणी करणारा, नकाशे काढणारा. सुट्टीच्या दिवशी येई, दारातच घुटमळे, मुलीला फिरवून आणी आणि जाई. मोठ्या बाई त्याला 'पाहुणे' म्हणत. जावयाला मानानं म्हणतात तसं नव्हे, सरळ अर्थानं.

आज मात्र तो काही विचारायला येणार होता. डोंगरावरच्या संशोधन केंद्रात त्याला आणि लेकीला, दोघांनाही जागा होत्या. राहायला दोन खोल्या, खाली गावात शाळा. लेक गेली तर आठ मशिनींचा खडखडाट ऐकायला त्या एकट्या उरणार होत्या. पण हे त्या स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हत्या. आज पाहुण्याला एकदाचं वाटेला लावायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

जिन्यात पावलं वाजली. नात धावत दाराशी गेली आणि कमरेवर हात ठेवून तिथंच उभी राहिली.

"आजी, पाहुणे आलेत," तिनं वर्दी दिली. मग बापाकडे वळून म्हणाली, "जोडे तिकडेच काढा. आमच्याकडे केर होतो."

मोठ्या बाईंना हसू फुटलं. लेकीच्या हातातली पाती कळीशी थबकली. जावयानं निमूटपणे जोडे काढले, भिंतीशी नीट लावले आणि आत आला.

"किती दिवस झाले, वाटलं वाट चुकलात," मोठ्या बाई म्हणाल्या. "हातात काय आणलंय?"

"नकाशा, आई. हिच्या फुलांचा. पुरा झाला."

त्यानं गुंडाळी सोडून टेबलावर पसरली. सगळा डोंगर निळा रंगवलेला होता. निळा रंग पार वरच्या कड्यांपर्यंत गेला होता, पलीकडे उतरला होता. आणि खाली तळ्याच्या काठाला नखाएवढे चार लाल ठिपके.

"निळी ती एकट्यानं बी धरणारी," तो म्हणाला. "लाल ती जोडीनं."

मोठ्या बाईंनी नकाशावर तळवा टेकवला. आयतीच संधी त्यांना चालून आली होती.

"बघा, पाहुणे. तुमच्याच हातानं रंगवलंय. जोडीवाल्यांना चार ठिपके, आणि एकटीनं राहिली तिनं अख्खा डोंगर घेतला. यावर काय म्हणणं आहे तुमचं?"

जावयानं निळ्या रंगावर बोट ठेवलं. "आई, वर एके काळी नुसता बर्फ होता. तो वितळला तेव्हा मोकळी जमीन पडली. तिथं एकच बी उडून पोचलं तरी भागलं. त्याची लेक त्याच्यासारखी, तिची लेक तिच्यासारखी. हे निळं दिसतंय ना, ते जवळजवळ एकच झाड आहे. एक कीड पडली तर सगळं एकदम बसेल."

"पडली का अजून?"

"नाही."

"मग?"

मोठ्या बाईंनी विजयानं लेकीकडे पाहिलं.

लेक नकाशाकडे बघत होती. "ती हौसेनं एकटी झाली नाहीत, आई," ती हळूच म्हणाली. "वर त्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही."

हे ती म्हणाली आईला. पण मान खाली गेली ती जावयाची.

"मी येत होतो की," तो पुटपुटला.

"दारापर्यंत. दोन वर्षांत एकदा तरी 'चल' म्हणालास? आजसुद्धा काय विचारायला आलास?"

"हेच, की तू आणि आई मिळून काय ते ठरवा. माझं काही—"

"बघ."

लेकीनं पाती पुसून डबीत ठेवली. "मी नाही येत तुझ्याबरोबर," ती म्हणाली.

मोठ्या बाईंच्या छातीवरची धोंड उतरली. त्यांना नातीला उचलून गिरकी घ्यावीशी वाटली. "चहा टाकते," त्या उठत म्हणाल्या. "पाहुण्यांनाही देते हो, उपाशीपोटी नको."

"बस, आई. माझं झालं नाही." लेकीचा आवाज चढला नव्हता. "डोंगरावरची जागा मी घेतलीय. माझ्या एकटीसाठी. काल कळवून टाकलं. पोरीला घेऊन जातेय."

"एकटी?" मोठ्या बाई म्हणाल्या. "तिथं? एवढंसं पोर घेऊन? तुझ्या मदतीला कोण?"

"कुणी नाही."

"मी काय मेले होते का? मला विचारायचं तरी..."

लेकीनं आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, दया नव्हती. उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातून परत लावताना मोठ्या बाईंची जी नजर असे, नेमकी तीच.

"चल गं," ती मुलीला म्हणाली. "गच्चीवरच्या कुंड्या आणायच्यात." नात आईच्या पुढे पळाली. मागं वळून कुणी पाहिलं नाही.

खोलीत मोठ्या बाई आणि जावई उरले. जावई नकाशा गुंडाळू लागला. कागद पुन्हा पुन्हा उलगडत होता. मोठ्या बाईंना काहीतरी लागेल असं बोलायचं होतं.

"वर," त्यांनी शेवटी विचारलं, "थंडी फार असते?"

"फार."

"बसा ना जरा."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर कापडांचे गठ्ठे होते, छातीएवढे. मोठ्या बाई घाईनं पुढं झाल्या. एक गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला, मग दुसरा. तिसरा जड निघाला, तो त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. मागं जिन्यात जावयाचे जोडे वाजत उतरत गेलेले त्यांना ऐकू आले. त्या थांबल्या नाहीत. खुर्ची रिकामी होईपर्यंत गठ्ठे उतरवत राहिल्या.