बोक्याला दिलेली मात्रा

मी आधीच सांगते, मला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. चौदा कोंबड्या, त्यांचं खुराडं, त्यांची दुखणीखुपणी, सगळं मी एकटी बघते. आमचे हे बोटीवर कामाला. वर्षातून दोन महिने घरी येतात आणि ते दोन महिने माझ्या कामात लुडबुड करतात. उरलेले दहा महिने घरात मी आणि सासूबाई. सासूबाई नव्वदीला टेकल्यात. पुढच्या खोलीत, खिडकीशी पलंग. ऐकायला कमी येतं, म्हणून बोलतात मात्र अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं.

गल्लीत कोणाची कोंबडी मान टाकून बसली, कोणाच्या पिल्लांना हगवण लागली, की लोक माझ्या मागच्या दाराशी येतात. माझ्याकडे सासूबाईंची मात्रा आहे. वाटाण्याएवढी गोळी, सकाळ-संध्याकाळ एकेक. तिच्यात काय असतं ते कोणाला सांगायचं नाही, सांगितलं की तिचा गुण जातो. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी मला पाट्याशेजारी उभं केलं, एक अक्षर न बोलता सगळं वाटलं, गोळ्या वळल्या, आणि मी बघत राहिले. शिकवणी संपली. एकतीस वर्षं मी तोंड उघडलेलं नाही. ह्यांनाही सांगितलेलं नाही. त्यांना त्याचा राग आहे, तो असू दे.

समोर घड्याळवाले भाऊजी राहतात. पुढे दुकान, मागे एक खोली. दुकानात तीसेक घड्याळं आणि एकाची वेळ दुसऱ्याशी जुळेल तर शपथ, कारण सगळी दुरुस्तीला आलेली. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. राहिला तो लंबक. लंबक म्हणजे त्यांचा बोका, पिवळा, जाडजूड. टेबलाच्या कडेला बसून शेपूट इकडून तिकडे हलवत असायचा म्हणून त्यांच्या बायकोने हे नाव ठेवलं. तिनेच त्याला पावसात भिजलेल्या खोक्यातून उचलून आणलं होतं. भाऊजी जेवायला बसले की पहिला घास त्याला. त्याने हुंगला की मग स्वतः जेवणार. लोक हसायचे. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू?

तर एका सकाळी भाऊजी मागच्या दाराशी आले. काखेत लंबक. खात नाही म्हणाले, पोट फुगलंय, जंत असतील का? मी बोक्याचं पोट दाबून पाहिलं आणि म्हटलं, जंतच आहेत, सात दिवसांत खडखडीत बरा करते. मांजराला मी आधी कधी मात्रा दिली नव्हती. पण मनात म्हटलं, कोंबडीपेक्षा हा चौपट, तर गोळीही मोठी लागणार. सुपारीएवढ्या गोळ्या केल्या आणि उकडलेल्या माशात लपवून त्याला चारा, असं भाऊजींना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जंत पडले. भाऊजी खूश, मी त्यांच्याहून खूश. दूधवालीला सांगितलं, समोरच्या किराणावाल्याला सांगितलं, बोटीवर फोन करून ह्यांनाही सांगितलं. माझं नाक जरा वरच होतं ते चार दिवस.

पाचव्या दिवशी लंबक टेबलाखालून बाहेर आला नाही. शेपूट हलेना. मी म्हटलं, अंगातली घाण बाहेर पडतेय, थकवा येणारच. आणि मी काय करावं? दुपारची एक गोळी वाढवली. आजही ते आठवलं की माझा हात मलाच परका वाटतो.

सहाव्या दिवशी भाऊजींनी मला हाक मारली. लंबकने गादीवर मुतलं होतं आणि त्याचा रंग तांबूस-काळपट होता. मी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. पांढऱ्याफटक. मी त्याला टोपलीत घालायला सांगितलं. भाऊजींचे हात केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात अचूक धरतात. टोपलीचं झाकण त्यांना लावता येईना. मी लावलं, टोपली उचलली आणि दोघं रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात सराईत. त्यांनी लंबकला तपासलं, थेंबभर रक्त काचेवर घेऊन यंत्राखाली पाहिलं आणि विचारलं की याने काय खाल्लंय. रक्त आतल्या आत फुटतंय म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, उकडलेला मासा, आणि वहिनींचं औषध. बाई माझ्याकडे वळल्या. औषधात काय आहे?

मी म्हटलं, झाडपाला.

कसला झाडपाला? मी पुन्हा तेच म्हटलं. बाई चिडल्या नाहीत, त्यापेक्षा चिडल्या असत्या तर बरं. त्यांनी शांतपणे समजावलं की उंदराचं विष असेल तर उपाय एक, गोचिडीचा ताप असेल तर दुसरा, आणखी काही असेल तर तिसरा. चुकीचा करून बघायला याच्याकडे वेळ नाही.

मला काय काय दिसलं म्हणून सांगू. सासूबाईंचा पाट्यावरचा हात दिसला. मागच्या दाराशी येणारी माणसं दिसली. आज मी बोलले तर मात्रा गेली, आणि मात्रा गेली तर मी कोण? अंडी विकणारी एक बाई. आणि खरी गोम निराळीच होती. बोलले तर कळणार होतं की लंबकला मी मारलं. इतका वेळ ते फक्त मला कळलं होतं.

तेवढ्यात भाऊजी बोलले. टोपलीवर हात ठेवून, डॉक्टरीणबाईंकडे बघत.

"त्यांना विचारू नका, डॉक्टर. त्यांचा नियम आहे. सांगितलं तर त्यांचा गुण जाईल. कितीतरी लोकांची जनावरं त्यावर जगतात."

त्यांचा जीव त्या टोपलीत टांगणीला लागला होता, आणि हा माणूस माझं गुपित सांभाळत होता. मला भयंकर राग आला. कोणाचा, ते आजही सांगता येणार नाही.

"लसूण," मी म्हटलं. "वाटलेला लसूण आणि कांद्याचा रस. वर हळद, ओवा, गूळ. सुपारीएवढी गोळी. दिवसातून दोन, आणि काल तीन दिल्या."

बाईंचं पेन थांबलं. मग त्या भराभर कामाला लागल्या. मला ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की कोंबड्यांना थोडा लसूण चालून जातो, पण मांजराला आणि कुत्र्याला कांदा-लसूण विषासारखा, त्यांचं रक्तच मोडतो. मग लंबकला आत नेलं, सलाईन लावलं, नळीने हवा दिली. दवाखान्यातल्या एका धष्टपुष्ट बोक्याचं रक्त काढून याला चढवलं. भाऊजी दाराबाहेरच्या बाकावर बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. घरी आले.

सासूबाईंना सांगणं भाग होतं. आणि त्यांना सांगायचं म्हणजे ओरडून. खिडकी लावायचंही भान राहिलं नाही. लसूण म्हटलं, कांदा म्हटलं, मोडला तुमचा नियम म्हटलं, आणि पलंगाच्या कडेला बसून ढसाढसा रडले.

सासूबाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "मांजराला? अगं, मांजराला कुठे देतात ती? मांजराला, कुत्र्याला नाही द्यायची. माझ्या सासूने पहिल्याच दिवशी माझ्या कानात सांगितलं होतं."

"मग तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"मी तुला नुसतं दाखवलं," त्या म्हणाल्या. "‘नाही द्यायची’ हे कसं दाखवणार?"

एकतीस वर्षं आम्ही दोघी एका घरात तोंडाला कुलूप लावून बसलो होतो आणि त्या कुलपात निम्मं औषध अडकून पडलं होतं. सासूबाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. म्हणाल्या, कागद घे, अजून आहे. खुडूक बसलेल्या कोंबडीला निम्मीच द्यायची. आठवड्याच्या आतल्या पिल्लाला द्यायचीच नाही. तीन दिवसांत उतार पडला नाही तर बंद, आणि सरळ डॉक्टर गाठायचा. मी लिहीत गेले. यातलं एकही मला माहीत नव्हतं. माझ्या हातून किती पिल्लं गेली असतील, हे मी मोजलं नाही. मोजवलं नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी भाऊजी लंबकला दवाखान्यातून घेऊन आले. निम्मा झाला होता, पायाला पट्टी, पण मान वर. मी हात पुढे केला तर त्याने बोटं हुंगली आणि तोंड फिरवलं. बरोबर आहे. मी दहा वेळा साबण लावला तरी बोटांना लसणाचा वास येतोच.

भाऊजींनी दवाखान्याचा शब्दही काढला नाही. मीच काढला. म्हटलं, तुमच्या घरातलं एकच माणूस मी नेत होते, मला काय बोलायचं ते बोला. ते म्हणाले, काय बोलू वहिनी, जंत तर पडले होते. आणि हसले. मला रडू येत होतं आणि हा माणूस हसत होता.

मी त्यांना कामाला लावलं. घड्याळाच्या तबकड्यांवरचे पुसट आकडे ते बारीक ब्रशने नव्याने रंगवतात, अक्षर सुरेख आहे. खुराड्याच्या दारावर पांढऱ्या रंगाचा हात मारून ठेवला होता, त्यावर काळ्या ऑइल पेंटने मात्रा लिहायची होती, गल्लीतल्या कोणालाही वाचता येईल अशी. ते स्टुलावर बसले, लंबक त्यांच्या पायाशी, आणि मी कागदावरून सांगत गेले. आतून सासूबाई चुका काढत होत्या. लसूण किती, हळद किती, कोणाला निम्मी, कोणाला नाही. शेवटी मांजराला आणि कुत्र्याला कधीच नाही, हे मोठ्या अक्षरात.

"त्याच्याखाली लिहा," मी म्हटलं, "या घरातल्या बाईने दिली होती, आणि बोका मरता मरता वाचला."

त्यांनी मान हलवली, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ लिहीत बसले. मी कोंबड्यांना दाणे टाकून परत आले तेव्हा ओळ पुरी झाली होती. वाचली. या घरातल्या बाईने वेळेवर सांगितलं, म्हणून बोका वाचला.

मी म्हटलं, मी हे नव्हतं सांगितलं, पुसा ते. भाऊजी म्हणाले, बरं. दुसऱ्या सकाळी ओळ तशीच होती; मी ओला फडका आणून घासघास घासला, पण तो वाळलेला ऑइल पेंट होता.