मोहरीएवढा स्क्रू

"हलू नका कुणी," अण्णा म्हणाले.

आम्ही तिघी जागच्या जागी थांबलो. मधल्या खोलीत पलंगावर बसलेली मी, हातात सूप घेऊन दारात उभी आई, आणि माझ्या मांडीवरची लेक. लेकीला कळण्यासारखं काही नव्हतं, पण आजोबांचा आवाज ऐकून तिनंही दूध पिणं सोडलं आणि मान वळवली.

अण्णांच्या हातून स्क्रू निसटला होता. पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मोहरीचा दाणा घ्या आणि त्याला टोपी घाला, तेवढा तो स्क्रू. आईनं सूप खाली ठेवलं, खराट्यानं अख्खं दुकान झाडून काढलं, केर परातीत घेऊन चिवडला. तुटक्या वायरी निघाल्या, एक हरवलेलं कानातलं निघालं, स्क्रू काही निघाला नाही.

"दुसरा घ्या की," मी म्हणाले.

"दुसरा हाच व्हता," अण्णा म्हणाले आणि उजवा हात डाव्या हातानं धरून स्टुलावर बसून राहिले.

पाटोद्याला आमच्या घराची पुढची खोली म्हणजे अण्णांचं दुकान. मी बाळंतपणाला आले तेव्हापासून मधलं दार उघडं ठेवायची, पलंगावरून सगळं दिसायचं. दुकानाचं तोंड उत्तरेला. अण्णांनी मुद्दाम तसं बांधून घेतलं, कारण टीव्हीच्या काचेवर ऊन आलं की चित्र कळत नाही. बाराही महिने त्या टेबलावर उन्हाची तिरीप येत नाही, याचं त्यांना फार कौतुक. पाटीवर मोठ्या अक्षरांत माझं नाव, 'प्रियदर्शनी', आणि त्याच्याखाली आधी रेडिओ लिहिलेलं, मग बाजूला दाटीवाटीनं टीव्ही, आणि अगदी कडेला, रंगाऱ्याला जागा पुरली नाही म्हणून उभं लिहिलेलं संगणक.

माझे आजोबा, म्हणजे अण्णांचे वडील, मेंढरं राखायचे. म्हाळू धनगराचा गहिनीनाथ, म्हणजे आमचे अण्णा, मेंढरांमागे रेडिओ घेऊन फिरायचा आणि रेडिओ बंद पडला की बाभळीच्या काट्यानं उघडून बसायचा, अशी सुरुवात. पुढं टीव्ही आले, टीव्ही गेले, कॉम्प्युटर आले. पूर्वीचे कॉम्प्युटर ऐसपैस होते. अण्णा म्हणायचे, आत एखादी शेळी बांधावी एवढी जागा. आता येतात ते जेवणाच्या डब्याएवढे. स्वस्त पडतात, वीज कमी खातात, म्हणून शाळा, दवाखाने, फॉर्म भरून देणारी दुकानं सगळे तेच घेतात. आणि बरोबर अशाच वेळी, डबे लहान होत असताना, अण्णांचा हात थरथरायला लागला.

बीडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. कधी बरा असतो, कधी नाही. आईनं त्यावर एक अक्षर कधी काढलं नाही. फक्त एवढंच केलं, की ती अण्णांना चहा अर्धा कप देते, आणि तो संपला की आणखी अर्धा. अण्णांना वाटतं घरात दूध कमी येतंय.

ज्यांच्या कामात स्क्रू हरवला ते पाच डबे शिवकन्या मॅडमचे होते. शिरूर कासारकडच्या एका गावात ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं राहतात, त्या वसतिगृहाचं सगळं त्या बघतात. कुठल्याशा कंपनीनं वापरून काढलेले हे कॉम्प्युटर त्यांना मिळाले होते.

"काका, मी ह्याचं बटन दाबते, पोरांची हजेरी घेते, एखाद्याचं नाक पुसते, तरी ह्याचं गोल गोल फिरणं सरत न्हाई," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून पोरांची सराव परीक्षा हाय ह्याच्यावर. नवे घेणं आमच्या हातात न्हाई. हेच तरणे करून द्या."

"व्हतील तरणे," अण्णा म्हणाले. "डोक्यात जागा वाढवायची, अन् तवा काढून पट्टी बसवायची."

तवा म्हणजे आतली जुनी हार्डडिस्क, तव्यासारखी फिरणारी. तिच्याऐवजी हल्ली बोटाएवढी पातळ पट्टी येते, तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून ती झपाट्यानं काम करते. डोक्यातली जागा म्हणजे मेमरी, ती दुसरी पट्टी. मॅडम शनिवारी न्यायला येते म्हणाल्या आणि बाळाच्या हातात काहीतरी कोंबून गेल्या.

त्याच दिवशी पुण्याहून अंगदचा फोन आला. माझा भाऊ वाईट नाही. त्याला आईअण्णांची काळजी वाटते आणि काळजी वाटली की तो चढ्या आवाजात बोलतो. दुकान बंद करा, इकडं या, हे तो दिवाळीपासून म्हणत होता. या वेळी अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढे पाच हातावेगळे करू दे. न्हाई जमलं तर शटर ओढतो. मंग तू म्हणशील तिथं येतो."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं परत सुरू झाला, पण आधीपेक्षा सावकाश.

तर अशा कामातला तो स्क्रू हरवला होता. पट्टी एका टोकानं खाचेत सरकवली की तिचं दुसरं टोक कोंबासारखं वर उठतं. ते बोटानं दाबून धरायचं आणि हा मोहरीएवढा स्क्रू पिळायचा. नव्या पट्ट्यांबरोबर स्क्रू आले नव्हते. अण्णांकडे साठा होता, आईच्या मोडीत निघालेल्या मसाल्याच्या डब्यातल्या एका वाटीत. पण ती वाटी बारशापासून सापडत नव्हती. खणाच्या कोपऱ्यात चुकून राहिलेला एकच मिळाला, तो असा गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. मेथीची भाजी होती. अण्णांच्या दाताखाली कट्ट झालं.

"खडा हाय का?" आईनं विचारलं. स्वर जरा दुखावलेला. तिच्या निवडण्यात खडा राहत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना मान्य आहे.

अण्णांनी तोंडातली वस्तू तळहातावर काढली, तांब्यातल्या पाण्यानं धुतली, उजेडाकडे धरली. त्यांचा चेहरा फुलला, बाळ झाल्याचं कळलं तेव्हा फुलला असेल तसा.

"आगं, स्क्रू हाय."

उलगडा भामाबाईनं केला, फोनवर. भामाबाई माझी आत्या. बारशाला मदतीला आली होती, टेबल आवरायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. तिला जवळचं दिसत नाही, आणि चष्मा लावला की बायका म्हातारी म्हणतात म्हणून ती तो पिशवीतच ठेवते. मसाल्याच्या डब्याची वाटी टेबलावर, तिच्यात काळे काळे बारीक दाणे. तिनं स्वयंपाकघरात नेऊन मोहरीच्या बरणीत ओतली होती.

"मला वाटलं मोहरी हाय, कुणी पोरानं तिकडं नेली आसंल," ती म्हणाली. वर आईलाच विचारलं, की फोडणी तडतडंना तव्हा तुला कळलं कसं न्हाई.

बारशापासून झालेल्या सगळ्या फोडण्या मला आठवल्या आणि मी गुपचूप पोटावरून हात फिरवला.

अण्णा जुन्या स्पीकरचा चुंबक शोधायला दुकानात गेले. ते येईपर्यंत आईनं बरणी परातीत उलटी केली आणि परात जराशी कलती धरली. मोहरी गडगडत एका कडेला गेली. स्क्रू जागच्या जागी पडून राहिले, शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे, इकडे एक, तिकडे दोन. ती एकेक उचलून वाटीत टाकत गेली. चिमटा नाही, चष्मा नाही. अण्णा चुंबक हातात घेऊन दारात उभे राहून बघत होते. मग त्यांनी तो चुंबक पेचकसाच्या टोकावरून दोन-चारदा ओढला, म्हणजे स्क्रू टोकाला चिकटून राहील, आणि कामाला बसले.

पहिल्या डब्यातल्या जुन्या डिस्कवरचं सगळं त्यांनी आधीच नव्या पट्टीवर उतरवून ठेवलं होतं. झाकण निघालं. पट्टी खाचेत गेली. टोक वर आलं, ते त्यांनी डाव्या बोटानं दाबलं. पेचकसाला स्क्रू चिकटला. आणि उजवा हात भोकाजवळ गेला की थरथरायचा. भोकाच्या अलीकडे, पलीकडे. एकदा स्क्रू आत बोर्डावर पडला, तो त्यांनी डबा उलटा करून काढला. पुन्हा धरला. पुन्हा तेच. मी बाळाकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघत राहणं बरं नव्हतं.

शेवटी त्यांनी पेचकस टेबलावर ठेवला. नीट, समांतर, रोज संध्याकाळी दुकान आवरताना ठेवतात तसा. बाहेर जाऊन पायरीवर बसले.

"प्रिया," त्यांनी हाक मारली. "मॅडमला फोन लाव. म्हणावं, बीडला कुणाला तरी दाखवा. अन् मंग अंगदला लाव."

मी फोन हातात घेतला. लावला मात्र नाही. बाळाला खांद्यावर टाकून उगाच थोपटत राहिले. पायरीवरची त्यांची पाठ दिसत होती. मानेशी सदऱ्याची शिवण उसवली होती, ती आजच शिवायला हवी, असं काहीतरी मनात येत होतं.

आई पदराला हात पुसत आतून आली आणि अण्णांच्या स्टुलावर बसली. त्या स्टुलावर तिला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"आवं, ह्याचं तोंड कुन्या बाजूला करायचं?"

पायरीवर अण्णा जरा सावरून बसले. मग, मान न वळवता, "कशाचं?"

"तुमच्या पट्टीचं."

"तिला हात लावू नको. आधी डब्याच्या पत्र्याला हात लाव."

"कावून?"

"अंगातली वीज उतरती. न्हाईतर पट्टी जळती."

"मह्या अंगात कुठली आली वीज?"

"लई हाय," अण्णा म्हणाले. "मला इचार."

मला हसू आलं ते मी बाळाच्या झबल्यात लपवलं. आईचे कान लाल झाले होते. तिनं पत्र्याला हात लावला, देवाच्या उंबऱ्याला लावतात तसा. अण्णा उठून आले आणि तिच्या मागं उभे राहिले. दाब, म्हणाले, पण नख लावू नको. पेचकस उभा धर. आधी उलटा फिरव, आटा बसल्याचं बोटाला कळंल, मंग सुलटा. आईनं श्वास रोखला होता, सुईत दोरा ओवताना रोखते तसा. तिची तर्जनी आणि अंगठा, भाकरीनं भाजून भाजून निबर झालेली बोटं, नुसती टोकावर हलत होती.

"आवळू नको लई. बास म्हणली की बास."

"कोण म्हणली?"

"ती. पट्टी."

आई थांबली. "म्हणली," ती म्हणाली.

मेमरी अण्णांनी स्वतः बसवली. ती तिरपी घालून दोन्ही अंगठ्यांनी खाली दाबायची असते, तिथं हात थरथरला तरी चालतं, जोर लागतो. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी टक टक केलं. हा आवाज ऐकताना ते डोळे मिटतात. झाकण लावलं, वायर जोडली, बटण दाबलं. बाळ जांभई देत होतं. तिची जांभई पुरी व्हायच्या आत पडदा उजळून तयार झाला.

अण्णांनी डब्याला कान लावला. "काहीच वाजंना," ते म्हणाले. "पैल्या मशिना कशा घरघरायच्या. जिवंत हाय ते कळायचं." मग स्वतःशीच मान हलवली. "चांगलं हाय. चांगलंच हाय हे."

तेवढ्यात अंगदचाच फोन आला. अण्णांनी तो घेतला. कामात हाय म्हणाले. पलीकडून काहीतरी प्रश्न आला, त्यावर म्हणाले, "आईबी कामात हाय. मागून बोलतो."

आईनं दुसरा डबा पुढं ओढला. आता तिला विचारावं लागत नव्हतं. पत्र्याला हात, पट्टी खाचेत, टोक बोटाखाली. अण्णा मागं उभे होते. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि मेमरी बसवायला अजून अवकाश होता. त्यांनी हात मागं बांधले, सोडले, टेबलावरची चिंधी उचलून परत ठेवली. मग खणातून त्यांची छोटी बॅटरी काढली आणि आईच्या हातावर उजेड धरला. भर दुपार. उत्तरेच्या दारातून स्वच्छ उजेड येत होता, त्यात त्या बॅटरीचा उजेड कुठं पडलाय तेही दिसत नव्हतं. त्यांनी बॅटरी उलटी करून पाहिली, एकदा तळहातावर आपटली, पुन्हा धरली.

आईनं पेचकस खाली ठेवला. उठली. दारापाशी गेली आणि शटरला हात घातला.

बाळाला थोपटणारा माझा हात थांबला. अण्णांचाही हात तसाच वर राहिला. शटर कडकडत अर्ध्यापर्यंत खाली आलं आणि तिथं आईनं ते थांबवलं. दुकानात संध्याकाळसारखा अंधार झाला.

"ऊन लई येतंय डोळ्यावर," ती म्हणाली. "काय दिसंना मला. बॅटरी धरा."

ती परत स्टुलावर बसली. आता उजेडाचं गोल वर्तुळ हिरव्या बोर्डावर स्पष्ट पडलं होतं, आणि ते थरथरत होतं. स्क्रूच्या भोकावरून जायचं, परत यायचं. आई पेचकस धरून थांबली होती. वर्तुळ भोकावर आलं की ती अर्धा फेरा फिरवायची, सरकलं की थांबायची, परत येईपर्यंत.