माझ्या पोटातली शीळ

मित्रांनो, फ्रेमच्या दुकानात दोन भावांच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली, आणि ती माझ्यामुळे उभी राहिली. पण ती अजून उभी राहिलेलीच नाही, असं आपण धरून चालू. म्हणजे मला शिस्तीत सुरुवात करता येईल.

मी एक जुना रेकॉर्डर आहे. साबणाच्या वडीएवढा. कारखान्यात आमची एकच परीक्षा होती. कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणायचं आणि आम्ही तेच परत म्हणून दाखवायचं. मी पहिल्या फटक्यात पास झालो. ऐकलं तेच बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा आमच्या घराण्याचा बाणा.

मला एका संशोधक ताईंनी विकत घेतलं. एकत्र काम करणारे नातेवाईक मनातून सुखी असतात का, हे त्यांना शोधायचं होतं. माणसाच्या मनाला खिडकी नसते, म्हणून त्यालाच विचारावं लागतं. ताई आधी छापील प्रश्नावली भरून घेत आणि मग मला मध्ये ठेवून मुलाखत घेत. प्रश्नावलीत एक वाक्य होतं: 'मी आयुष्यात कधीही खोटं बोललो नाही.' खोटं बोलणारे ओळखायला ते मुद्दाम घातलेलं होतं. सगळ्यांनी त्यापुढे 'पूर्ण सहमत'वर खूण केली. एका काकूंनी तर दोनदा.

ताई मैत्रिणींना सांगत, "माझा स्वतःपेक्षा या रेकॉर्डरवर जास्त विश्वास आहे." ते ऐकून मी इतका फुगायचो, की माझ्या सेलच्या कप्प्याचं झाकण पुन्हा कधी नीट बसलंच नाही.

एक दिवस आम्ही फोटोंच्या फ्रेमा करणाऱ्या दुकानात गेलो. दुकान दोन भावांचं. थोरले दादा काच कापत, धाकटा बारक्या लाकडी पट्ट्या ठोकत असे. बारक्याचे केस पिकले होते, पण त्याचं नाव मोठं करायला कुणाला सवड झाली नव्हती. 'भावासोबत काम करताना मला आनंद होतो' या वाक्यापुढे दादांनी 'पूर्ण सहमत'वर खूण केली. आता, बारक्या त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता, हेही खरं.

मग ताईंनी दादांना मागच्या खोलीत नेलं आणि मला स्टुलावर ठेवलं.

"काका, हे तुमच्या-माझ्यातच राहील. तुमचं नाव कुठेही येणार नाही. आणि नको वाटलं तर कधीही सांगा, तुमचं बोलणं काढून टाकू."

बाहेर बारक्या पट्ट्या ठोकत शीळ घालत होता.

"ऐकताय ना?" दादा म्हणाले. "माझं लग्न झाल्यापासून हेच ऐकतोय. एकच चाल, आणि तीही अर्धवट. पुढचं येत नाही म्हणून परत पहिल्यापासून. डोक्याचा भुगा होतो. कधी कधी वाटतं, मध्ये भिंत घालावी आणि मोकळं व्हावं."

"त्यांना बोललात कधी?"

"छे. भाऊ आहे तो."

ताईंनी शब्द पाळला. नाव खोडलं, 'सहभागी सात' असं लिहिलं. अहवाल तयार झाल्यावर, ज्यांनी उत्तरं दिली त्यांचे आभार मानायला हवेत, असं त्यांच्या मनात आलं. म्हणून त्यांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. चहा-बिस्किटं ठेवली.

"प्रश्नावलीत माणूस लपतो, मुलाखतीत खरं बोलतो," ताई स्टेजवरून म्हणाल्या. "ऐका, सहभागी सात." आणि त्यांनी माझं बटण दाबलं.

नाव झाकलेलं होतं. आवाज झाकायचा राहून गेला होता. मी अडकायचा फार प्रयत्न केला, पण मला फक्त पास व्हायला शिकवलेलं. मोठ्या स्पीकरमधून दादांचा आवाज आला, आणि हा भाऊ कोणता अशी कुणाला शंका उरू नये म्हणून मागून शीळही आली. विश्वासघात ताईंनी केला, पण तोंड माझं वापरलं.

तिसऱ्या रांगेत दोघे भाऊ एका बशीत बिस्किटं घेऊन बसले होते. बारक्याने हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं.

"भिंत मी घालतो, दादा," तो म्हणाला. "तुझा हात लाकडावर बसत नाही."

त्यानंतर तो दादांशी बोलला नाही.

काही दिवसांनी दादा ताईंकडे आले. मी टेबलावर होतो. दादांच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

"काच तडकतेय, ताई. तो पलीकडे नुसता ठोकतो. शीळ बंद. माझा हात त्या चालीवर चालायचा, हे मला काय माहीत? तुम्ही विचारलंत, मी मनापासून सांगितलं. पण मलाच ठाऊक नव्हतं हो. ते काढून टाका."

"काका, अहवाल छापून गेला."

"कधीही काढू म्हणाला होतात."

"कधीही म्हणजे, छापण्याआधी कधीही."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "मग मागची शीळ तरी द्या. दुकानात लावून बसेन."

ताईंनी संशोधन नीतिमत्ता समितीचे नियम काढून वाचले. "शीळ बारक्याकाकांची आहे. त्यांची लेखी संमती लागेल."

"तो बोलला असता, तर मी इथे आलो असतो का?"

ताईंना खरंच वाईट वाटलं. त्यांनी माझे सेल काढून घड्याळात घातले आणि मला खणात ठेवलं. नियमाप्रमाणे वर्षअखेरीस मला पुसून टाकणार आहेत. 'मुलाखत खरी ठरली' असा अहवालाचा निष्कर्ष आहे आणि त्याला बक्षीसही मिळालं.

मित्रांनो, रेकॉर्डरवरची धूळ पुसा, असं मी सांगणार होतो. पण धुळीने माझं काहीच वाकडं केलं नाही. ज्याने विश्वासाने तुमच्यापुढे तोंड उघडलं, त्याचा आवाज जपा, एवढंच. अर्थात हेही माझंच माझ्याबद्दलचं बोलणं आहे, तेव्हा किती मानायचं ते तुम्ही ठरवा. मी आयुष्यात कधीही खोटं बोललो नाही. पूर्ण सहमत.

सबब, संशोधन नीतिमत्ता समितीस विनंती करण्यात येते की, प्रस्तुत रेकॉर्डरमधील मजकूर पुसण्यास स्थगिती द्यावी. घड्याळातील दोन्ही सेल त्यास परत करावेत. त्यास फ्रेमच्या दुकानातील भिंतीच्या अलीकडे, काच कापण्याच्या टेबलावर कायमस्वरूपी नियुक्त करावे. आणि सदर चालीचा उर्वरित भाग बारक्या यांस सापडेपर्यंत, त्यांच्या लेखी संमतीची अट शिथिल करण्यात यावी.