दोन बोटांची चूक

मित्रांनो, माझ्या अंगभर आकडे आहेत म्हणून मला कोणी शहाणी समजू नका. आकडे छापलेले असतात, अक्कल निराळी. मी एक जुनी पोलादी मापफीत आहे, चांगली वीस मीटर लांब. एका चकरीवर मी गुंडाळलेली असते आणि टोकाला जड पितळी ओळंबा लटकतो. जमिनीतून काढलेलं तेल मोठमोठ्या टाक्यांत साठवतात. त्या टाकीच्या तळापर्यंत मला सोडायचं, वर ओढायचं आणि तेलाचा डाग कुठल्या आकड्यापर्यंत आला ते वाचायचं. झालं माझं काम.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात एका बाईंनी भिंग लावून माझी रेघन् रेघ तपासली होती. "ही खोटं बोलायची नाही," असं म्हणत त्यांनी माझ्यावर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार ताठा होता. तो कसा उतरला, तेच तुम्हाला सांगायचंय.

तेल साठवायच्या केंद्रावर मी आले ती मापाडीच्या हाती. त्याचं खरं नाव हजेरीपटापुरतं, बाकी सगळ्यांसाठी तो मापाडीच. टाकीच्या जिन्याला चौसष्ट पायऱ्या. ऊन असो की वारा, तो चढायचा, वरचं झाकण उघडायचा आणि मला हलकेच खाली सोडायचा. ओळंबा तळाला टेकला की त्याच्या बोटांना बरोबर कळायचं. एकदा मोजून त्याचं समाधान होत नसे. दोनदा मोजायचा, दोन्ही आकडे जुळले तरच लिहायचा.

"भाऊजी, सोनं मोजताय का?" खालून फिटर ओरडायचा. हा फिटर म्हणजे मापाडीच्या बायकोचा धाकटा भाऊ. हात सोन्याचे, पण भारी उतावळा.

"सोन्यावाचून कोणाचं अडतंय रे!" मापाडी वरून म्हणायचा.

खरंच होतं ते. ऑफिसात भिंतीवर एक तक्ता होता. जग दरवर्षी किती तेल आणि गॅस काढतं, किती जाळतं, त्याची रेघ त्यावर चढत गेलेली. केंद्राच्या मोठ्या बाई नव्या माणसांना तो दाखवायच्या. मी आले तेव्हा विहिरीतून तेलाबरोबर येणारा गॅस नुसताच पेटवून देत. पुढे त्याला नळ मिळाला आणि तो चुलीखाली, वीजघरात जाऊ लागला. आमच्या विहिरी म्हाताऱ्या झाल्या, तेल कमी आणि पाणीच जास्त देऊ लागल्या. ऑफिसच्या छपरावर सूर्यावर चालणारे काळे पत्रे बसले. तरी तक्त्यावरची रेघ काही खाली येईना.

"नवी वीज येतेय, पण जगाची भूक पण वाढतेय ना," बाई म्हणायच्या. "आणि हा एवढा मोठा आकडा येतो कुठून? कोणीतरी टाकीवर चढून फीत सोडतं, तिथून."

हे ऐकलं की माझी छाती फुगायची. मला छाती नाही, ही गोष्ट वेगळी.

मग एकदा मापाडी आठवडाभर सुट्टीवर गेला आणि मोजायचं काम फिटरवर आलं. त्यानं मला सोडलं, पण झाकणाला अडकण लावायला विसरला. वाऱ्यानं झाकण धाडकन आपटलं ते माझ्यावर! ओळंब्याच्या जरा वर मी अशी दुमडले की सरळ होईना. फिटरच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं मला वर्कशॉपमध्ये नेलं, दुमडलेला दोन बोटांचा तुकडा कापून फेकला आणि ओळंबा पुन्हा पक्का जोडून टाकला. "वीस मीटरमधली दोन बोटं! टाकी तर पंधरा मीटरची. कोणाला कमी पडतेय?" तो स्वतःशीच म्हणाला आणि गप्प बसला.

त्याला वाटलं, मी फक्त आखूड झाले. अहो, पण माझे सगळे आकडे दोन बोटं खाली सरकले होते! टाकीत जेवढं तेल असे, त्याहून दोन बोटं जास्त मी दाखवू लागले. तेवढ्या रुंद टाकीत दोन बोटं म्हणजे एक टँकरभर तेल. तेल पुढे पाठवताना पंप नेहमी एकाच ठरलेल्या पातळीला थांबायचा, म्हणून उरलेलं तेल कोणी मोजत नसे. त्यामुळे माझी लबाडी पकडलीही जाईना.

पलीकडून, तेल शुद्ध करतात तिथून, तक्रारी येऊ लागल्या. दर खेपेला टँकरभर तेल कमी! नळ तपासला, कुठे गळती नाही. तीन महिन्यांनी बाईंनी मापाडीला बोलावलं.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण आठ दिवसांत उलगडा झाला नाही, तर मला चोरी म्हणून वर कळवावं लागेल."

चोरी! ज्यानं दुसऱ्याची सुई उचलली नाही त्याच्यावर! तो दोनाऐवजी चारदा मोजू लागला आणि मी चारही वेळा तेच खोटं सांगू लागले. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

सातव्या दिवशी बाईंना विचारून त्यानं मला साफ करायला घरी नेलं. त्याची बायको शिवणकाम करायची. मशीनसमोर ती शाळेचे शर्ट शिवत होती. फिटरही तिथेच बसला होता, खाली मान घालून.

"जेवून घ्या. घास उतरत नाही म्हणून उपाशी राहायचं का?" बायको म्हणाली.

"उद्या लोक तुला चोराची बायको म्हणतील गं."

"म्हणू देत! त्यांचे कपडे मी आखूड शिवीन." बोलता बोलता ती थबकली. "अहो... माझ्या टेपचं टोक फाटलं होतं तेव्हा आठवतंय? मी तशीच वापरली आणि साऱ्या वर्गाच्या बाह्या आखूड झाल्या. टेप म्हणायची वीस, असायचे एकोणीस. आणा बघू ती फीत!"

तिनं मला टेबलावर पसरलं आणि ओळंब्याच्या टोकापासून शेजारी आपली टेप लावली. तिची टेप म्हणाली चाळीस. मी म्हणाले त्रेचाळीस.

मापाडीनं दोन्ही आकडे पुन्हा वाचून पाहिले. मग फिटर हुंदका देऊन म्हणाला, "ताई, मीच कापली. भाऊजी, मला वाटलं नुसती आखूड झाली. तुमच्यावर असा आळ येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं हो!"

"अरे गाढवा!" ताई ओरडली. मापाडी मात्र हसायला लागला. हसता हसता रडला. "तेल कुठेच गेलं नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "ते नव्हतंच गं, नव्हतंच!" त्या रात्री तो तीन वेळा वाढून घेऊन जेवला.

सकाळी फिटर स्वतःच बाईंसमोर उभा राहिला. नव्या फितीनं मोजलं आणि सारं जुळलं. बाईंनी फिटरला चांगलंच खडसावलं, सगळ्यांसमोर उभं राहून मापाडीची माफी मागितली आणि तीन महिन्यांचे आकडे दुरुस्त करून वर पाठवले. मापाडी चौसष्ट पायऱ्या एका दमात चढला.

मी आता मोजत नाही. वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलेली असते. पण खरं सांगते, माझ्या मनावरचं मणाचं ओझं उतरलंय. मित्रांनो, आमची काळजी घ्या, अधूनमधून आम्हाला तपासून बघा. आणि हातून काही मोडलं, तर मोडलं म्हणून सांगा. मोडलेली वस्तू बाजूला तरी ठेवतात. गुपचूप जोडलेली वस्तू भल्या माणसाला चोर ठरवते. नवा कोणी कामावर आला की फिटर त्याला माझ्यासमोर उभं करतो आणि म्हणतो, "ही मी कापली होती."