कवडूच्या सिनेमातला बाप

समुद्रपूरच्या कवडू भोयरने मुंबईत नऊ वर्षं सिनेमांत कामं केली, बहुतेक हवालदाराची. ‘कवडू’ हे नाव पडद्यावर शोभत नाही, असं सगळे सांगत. त्याने ते बदललं नाही.

१९८२ साली एका साप्ताहिकाच्या बातमीदाराने सहज विचारलं, “लग्न कधी?”

“झाल्यासारखंच आहे,” कवडू म्हणाला. “माझं कृष्णकांतवर प्रेम आहे. पाच वर्षं एकत्र राहतो आम्ही.”

कृष्णकांत सिनेमांचं ध्वनिमुद्रण करायचा. मुलाखत छापून आली आणि कवडूला हवालदाराचीही कामं मिळेनाशी झाली.

“मग आपलाच सिनेमा काढू,” कवडू म्हणाला.

हिवाळ्यात दोघं कॅमेरा घेऊन समुद्रपूरला एसटीतून उतरले. तोवर ते साप्ताहिक न्हाव्याच्या दुकानातून निघून गावभर फिरलं होतं. आईने, आनंदाबाईंनी, दोघांपुढे ताटं ठेवली. वडील रूपराव मात्र लेकाशी बोलेनात. पण शूटिंगला रोज हजर! सिनेमात त्यांची बैलजोडी होती. बैलांवर लक्ष ठेवायला आलोय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

गोष्ट होती एका शेतकऱ्याच्या पोराची, मित्रावर जीव जडलेल्या. पोरगा कवडूच. बाप झाले होते नागपूरचे नट मधुकरराव. पोरगा बापाला खरं सांगतो, तो सीन सुरू झाला. मधुकरराव छाती पिटून रडले. तीनदा रडले.

शेताच्या धुऱ्यावरून रूपराव ओरडले, “असा कोन्ता बाप रडते बे?”

मधुकररावांनी मेकअप पुसला आणि दुपारच्या गाडीने नागपूर गाठलं.

“आता तुमीच करा,” कवडू वडिलांना म्हणाला.

“मले कुठं येते?”

“बोलता तं येते ना?”

रूपराव कॅमेऱ्यासमोर बसले. लिहून दिलेलं वाक्य होतं, “माह्या घरातून चालता हो.” कवडूने आपला संवाद म्हटला.

“पेपरवाल्याले आधी सांगतलं,” रूपराव म्हणाले, “अन् बापाले मांगून?”

सिनेमात पेपरवाला नव्हताच. कवडू बोलून गेला, “भेव वाटे, बाबा.”

“माह्ये बैल मले भेत नाई. तू काऊन भेते?”

‘कट’ म्हणायचं काम कवडूचं, पण तो डोळे पुसत होता. शेवटी कृष्णकांतच म्हणाला, “कट.”

कवडूने तो सीन तसाच ठेवला आणि त्याच्यासाठी कथेत एक बातमीदार घातला. सिनेमा नागपुरात चार दिवस चालला. समुद्रपुरात तंबूत लागला तेव्हा काही जण उठून गेले, काहींनी शिट्ट्या मारल्या. रूपरावांच्या सीनला मात्र सगळे गप्प.

दुसऱ्या दिवशी बाजारात गावातले पुंडलिकराव म्हणाले, “रूपराव, लाज नाई वाटली?”

“वाटली ना. दाढी कराले पायजे होती.”

पुढचा सिनेमा सेलूला सुरू झाला. त्यात बापाचं पात्रच नव्हतं. हे कळताच रूपराव एसटीने सेलूला पोचले आणि कृष्णकांतला बाजूला घेऊन म्हणाले, “तू सांगून पाय त्याले. तुह्यं आयकते तो.”