आईनं शिवलेली नोट

दुबलगुंडीहून दोन गाड्या बदलून राजूबाई कलबुर्गीत भावाच्या दारी आली, ती काही पाहुणचाराला नव्हे. तिला आईची नोट परत न्यायची होती. निजामाच्या राजवटीतली दहाची नोट, मरताना आईनं तिच्याच पदरात घातलेली. राघोबानं "काचेत बसवून आणतो अक्का" म्हणून नेली, ती नेलीच.

राघोबाला जुन्या नोटांचं खूळ. जाडजूड आल्बम, पानापानाला प्लॅस्टिकचे खण. मेलेल्या राजांची तोंडं जपायची आणि जित्या बहिणीला तोंड दाखवायचं नाही, असला शौक.

"माझी काढ," ती उंबऱ्यातूनच म्हणाली.

"बस तरी अक्का."

"बसाय आले न्हाई."

राघोबानं आल्बम तिच्यापुढं सरकवला. "तुझी हरवली बघ. तिला हळदकुंकू व्हतं, शिवलेली व्हती. हितं हाय का तसली एक तरी?"

खरं होतं ते. आई दर दिवाळीला लक्ष्मीसोबत नोटेलाही कुंकू लावायची. आणि घडीवर ती निम्मी फाटली तेव्हा तिनं वाकळेच्या दोऱ्यानं टाके घातले होते. फाटकं काही तिला बघवायचंच नाही.

राजूबाई सावकाश पानं उलटत गेली. एका स्वच्छ, इस्त्री केलेल्या नोटेवर तिचं बोट थांबलं. फाटलेल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सुईची बारीक भोकं.

"दोरा कामून काढलास?"

राघोबाची सून मंजुश्री पाणी घेऊन येत होती, ती दारातच थबकली. राघोबा खाली बघून म्हणाला, "बिदरला प्रदर्शनात मांडायची हाय. शिवलेली नोट बघून लोक हसतेत."

"आईच्या हाताला हसतेत, आन तू त्यांच्याच पंगतीला बसायलास."

"तुला काय कळायलंय ह्यातलं? अंगठा उठवणारी तू."

"मला सही येत न्हाई, तशी चोरी बी येत न्हाई."

तिनं खणातून नोट ओढली. त्यानं दुसरं टोक धरलं.

"सोड अक्का, फाटंल."

"तू सोड."

कुणीच सोडलं नाही. उरलेला कागद त्याच रेघेवर फाटत गेला आणि नोटेचे दोन तुकडे झाले.

"घातलीस मातीत," राघोबा म्हणाला. "आता कुणी फुकट बी घेणार न्हाई."

राजूबाईनं आपला तुकडा कमरेच्या पिशवीत घातला आणि हात पुढं केला. "त्यो बी आण. माझ्या घरात सुईदोरा हाय."

त्यानं तुकडा तिच्या हातावर टाकला, भिकाऱ्याला टाकावा तसा. तिनं तो नीट घडी करून ठेवला. मंजुश्रीच्या तांब्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पंचमीला मला न्यायला पोराला धाडू नको," चपला घालताना ती म्हणाली. "धाडलास तर उपाशीच माघारी लावीन."